पान फिरवून द्या

नको, नको भाऊजी, तो डबा आधी परत पिशवीत घाला — हे येतील एवढ्यात, त्यांच्या नजरेला पडायला नको. बघितला मी, बघितला. छान आहे. प्लास्टिकची चौकट, तिच्यात एक पान, वरून रुमाल फिरवला की लालचं काळं. सोपा आणि लांबून दिसणारा — हेच म्हणालात ना? चपला काढता काढताच म्हणालात, "वहिनी, यंदा मेळाव्यासाठी पत्त्यांचा एक सोपा, लांबून दिसणारा प्रयोग निवडलाय, मंडळातले सगळे जादूगार स्टेजवर एकदम करतील, आणि मास्तर मधोमध, खुर्चीत." खुर्चीत! म्हणजे सगळे उभे, हे एकटे बसलेले, आणि सगळ्यांच्या हातात तीच ती चौकट, एक दोन तीन म्हटलं की सगळ्यांचे रुमाल खाली — शाळेतली कवायत असते तशी. आणि ह्याला तुम्ही मानवंदना म्हणता. नाही, तुमचा हेतू चांगला असेल हो, मी कुठं काय म्हणतेय? सेक्रेटरी झालात, दहा जणांची मर्जी राखायची, तुम्हाला सोपंच निवडायला लागणार. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुकानातल्या डब्याला हात लावला नाही त्याच्या मांडीवर तुम्ही हा डबा ठेवणार — आणि तेसुद्धा का, तर त्यांचा हात गेलाय म्हणून. सरळ म्हणा ना तसं. मी काय रडायला बसणार नाही.

बसा, बसा. उठू नका. चहा घ्या आधी. साखर जास्त घातलीय, तुम्हाला गोड लागतो, आठवतं मला. न आठवायला काय झालं? ह्याच टेबलावर शिकलात की तुम्ही. शिकलात म्हणजे — हे जीव तोडून शिकवायचे आणि तुम्ही तेवढंच उचलायचात जेवढ्याला लगेच टाळी पडेल. रागावू नका, हे स्वतःच म्हणायचे, हसत म्हणायचे. "ह्याला भूक हाताची नाही, टाळीची आहे." आणि तरी शिकवायचे. मी म्हणायचे, अहो कशाला, तर म्हणायचे, असू दे, टाळीच्या मागं मागं हातही येईल त्याचा. आला का? ते तुम्हाला ठाऊक. मी आपली पोळ्या लाटत असायचे, मला काय कळतंय.

पण मागच्या मेळाव्याचं मला कळलं. तिथं मी होते. पुढच्या रांगेत, कडेला. डॉक्टर नको म्हणत असताना हे उठून आले होते तुमच्याकडे, आठवतंय? आजारातून उठल्यावर पहिल्यांदाच. कॅट हातात घेतला, पिसायला गेले, आणि सगळी पानं — सगळी, स्टेजभर. आणि तुम्ही माईक घेऊन काय म्हणालात? "मंडळी, मास्तरांचा नवा प्रयोग! एका फटक्यात सगळे पत्ते गायब — हातातून!" सांभाळून घ्यायला म्हणालात, असं नंतर म्हणे सांगत होतात सगळ्यांना. असेलही. पण सभागृह हसलं ना भाऊजी. मी स्टेजवर जाऊन वाकून पानं गोळा करत होते, हशा माझ्या पाठीवरून गेला. आणि हेही हसले. तुम्ही कुणी बघितलं नसेल, मी बघितलं, त्यांना तोंड कसं करायचं तेच कळेना, म्हणून हसले. त्यानंतर वर्षभरात मंडळातला एक माणूस ह्या जिन्यानं वर आला नाही. तुम्ही आज आलात. डबा घेऊन.

असो. काय बोलायचं ठरवलं होतं आणि काय बोलत बसले. मी तुम्हाला फोन करणारच होते, त्याआधी तुम्हीच आलात, बरं झालं. कारण असं आहे — ह्यांना खुर्चीबिर्ची नको. ह्यांचा नेहमीचा प्रयोग घाला कार्यक्रमात. उगवणारं पान. हो, तोच. करतात. करतात म्हणजे काय, रोज दुपारी करतात, माझ्यासमोर, ह्या इथं. हात परत आलाय त्यांचा. असे बघू नका माझ्याकडे, खरंच सांगते. तुम्हाला सोपं आणि लांबून दिसणारं हवंय ना? ह्याच्यापेक्षा जास्त दिसणारं काय आहे सांगा — कॅट डाव्या हातात उभा धरलेला, पानांची तोंडं लोकांकडे, उजव्या हाताची दोन बोटं कॅटच्या दोन्ही कडांवरून सावकाश वर जातात, झोपेनं पापणी मिटावी इतक्या हळू, आणि ज्यानं जे पान काढलं होतं ते त्या गठ्ठ्यातून वर येतं — रोप उगवतं तसं. शेवटच्या रांगेतलं म्हातारं माणूससुद्धा "अरेच्चा" म्हणतं. मला तर पाठ आहे सगळं. लग्न झाल्यापासून रोज बघतेय. ही समोरची खुर्ची आहे ना, तुम्ही बसलाय तीच, ती माझी जागा. पोळ्या झाल्या, ओटा पुसला, की ह्यांची हाक यायची, "अगं, एक पान काढ." मी हात पुसत यायचे, पान काढायचे, बघायचे, परत द्यायचे. माझ्या हाताला कधी राजा लागला नाही हो, राणी नाही, नेहमी आपली किलवरची तिर्री नाही तर चौकटची दुर्री. हे म्हणायचे, तुझा हातच संसारी आहे.

तेव्हा घाला नाव. फक्त एक — म्हणजे अट नाही, विनंती समजा. पान तुम्ही काढा. दुसऱ्या कुणाला स्टेजवर बोलवू नका, तुम्हीच पुढं व्हा, सेक्रेटरी आहात, कुणाला खटकणार नाही. तुम्ही पान काढायचं, लोकांना दाखवायचं, आणि परत देताना जरा — फिरवून द्यायचं. म्हणजे वरचं टोक खाली. सहज, बोलता बोलता. एवढंच.

का हसलात?

नाही, हसलात तुम्ही. गालात हसलात. कशाला म्हणजे — कशालाच नाही, अशी ह्यांची आपली एक सवय आहे, पान फिरवून दिलेलं त्यांना — त्यांच्या हाताला बरं पडतं... भाऊजी, मी जादूगाराशी बोलतेय हे विसरलेच मी. चुकलं. एवढी वर्षं ह्या घरात काढून जीभ घसरली ती घसरलीच. कळलं ना तुम्हाला? कळलं. तोंडावरूनच दिसतंय. पान फिरवून द्या म्हटल्यावर काय उरतं कळायचं. निमुळता कॅट. हो. हो, निमुळता आहे. मीच कापलाय.

आता ओरडू नका, आणि हळू बोला, शेजारच्या भिंती पातळ आहेत. ह्यांना ठाऊक नाही. तेच तर सांगतेय ना — ह्यांना ठाऊक नाही! ऐकून तरी घ्या.

तुम्हाला काय सांगायचं ते, तुम्ही नव्हतात. मेळाव्याच्या त्या प्रकारानंतर हे रोज दुपारी इथं बसायचे आणि पानं पडायची. उजव्या हाताच्या बोटांना स्पर्शच नाही राहिला, गरम कप लागला तरी कळत नाही. पान पडलं ते जमिनीवर आवाज झाला की कळायचं ह्यांना. मी कॉटखालून, कपाटाखालून गोळा करून द्यायचे, हे पुन्हा पिसायचे, पुन्हा पडायची. मग पिसणंही थांबलं. नुसता कॅट समोर ठेवून बसायचे. मग एक दिवस म्हणाले, "हा उचलून ठेव, टेबलाला जागा होईल." टेबलाला जागा! आणि त्यानंतर बोलणंच कमी झालं हो. लेक येते, व्यायामाला नेते, आत्ताही तीच घेऊन गेलीय खाली, तिच्याशी दोन शब्द. माझ्याशी मीठ आहे, नाही, एवढंच.

मी काय करणार? मला जे येतं ते केलं. नेम धरला. आजवर माझं कुठलं मागणं वाया गेलं नाही भाऊजी, लेकीच्या वेळचं नाही, घराचं नाही. देवापुढं बसले आणि म्हटलं, ह्यांच्या हातून पान उगवेपर्यंत मी गोड तोंडात घालणार नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात काय लपतं? हे बघायचे. मी कडू चहाचा घोट घेतला की हे तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "हे काय आरंभलंयस, हात काय साखरेवर चालतो?" मी म्हटलं, तुमचा नसेल, माझा देव चालतो. महिने गेले. हात होता तिथंच. मग एक दिवस ते व्यायामाचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, चालणं सुधारेल, बोटांची आशा फार धरू नका. बाजूला घेऊन म्हणाले, पण ह्यांचे कान शाबूत आहेत.

तेव्हा डोक्यात आलं. पूर्वी हे नवशिक्यांसाठी निमुळते कॅट करून द्यायचे ना दुकानाला? कापायचे कोण? मी. पोलादी पट्टी आणि ब्लेड, प्रत्येक पान एका टोकाला केसभर बारीक, की मग एखादं उलटं फिरवून आत घातलं तर ते तेवढं बोटाला लागतं, कडांवरून बोट ओढलं की आपसूक बाहेर येतं. मुलंसुद्धा करतात. हे म्हणायचे, "ह्यात हात कुठं लागतो? हे खेळणं." मी म्हटलं खेळणं तर खेळणं. ह्यांच्या कॅटसारखाच निळ्या पाठीचा नवा आणला, हे दुपारी झोपलेले असताना ओट्यावर बसून कापला, आणि खणातला काढून हा ठेवला. मग मीच मागं लागले, अहो, एकदा करा, माझ्यासाठी करा, लेक नाही घरात, कुणी बघत नाही. मी पान काढलं, परत देताना फिरवून दिलं.

आता तुम्हाला त्यांची मूळ रीत माहीत आहे. काढलेलं पान हे करंगळीच्या चिमटीत धरून गुपचूप सगळ्यांच्या मागं आणायचे, आणि मग दोन बोटं कडांवरून वर नेताना त्याच हाताचं मागं लपलेलं बोट ते पान वर ढकलायचं. खरं काम मागच्या बोटाचं. कडांवरची बोटं आपली दाखवायची, लोकांच्या डोळ्यांसाठी. बरोबर? आणि निमुळत्या कॅटात उलटं आहे — काम कडांवरच्या बोटांचं. म्हणजे हात हलतो तसाच, अगदी तसाच. आणि मागच्या बोटाला तर स्पर्शच नाही, त्यानं ढकललं की नाही ढकललं हे त्या बोटाला कसं कळणार? कळलं तुम्हाला? ह्यांना वाटलं बोटानं ढकललं. मी असा हिशेब केला. असू दे, हुशारी नाही म्हणायची ह्याला, घर चालवायचं म्हणजे असं काही ना काही करावंच लागतं.

आणि आलं हो पान वर. इस्पिकची चौकी. अडखळत आलं, तिरकं आलं, पण आलं. मी "अरेच्चा" म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं. आणि हे — हे काही बोललेच नाहीत. कॅटकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता रडतात. पण उठले, काठी न घेता ओट्यापर्यंत गेले, डाव्या हातानं साखरेचा डबा काढला, माझ्या गार झालेल्या चहात दोन चमचे घातले, ढवळला, आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "घे. फिटला तुझा नेम."

काय करणार मी? प्यायले. त्यांच्यासमोर घोटघोट प्यायले. तुम्हाला सांगते भाऊजी, आयुष्यात इतकं कडू काही प्यायले नाही मी. देवाला शब्द दिलेला, पान उगवलं खरं, पण उगवलं माझ्या ब्लेडनं. देवाला फसवलं आणि नवऱ्यालाही, एकाच कपात. तेव्हापासून रोज गोड चहा पिते आणि रोज मनात म्हणते, माझं काय करायचं ते कर, ह्यांना कळू देऊ नकोस. कारण तेव्हापासून हे बोलायला लागले. दाढी करतात स्वतः. लेकीला चिडवतात. परवा मला म्हणाले, "केसांना काही लावत जा, म्हातारी दिसायला लागलीस." मी इतकी हसले. एवढ्यासाठी कुणी कॅट कापणार नाही का हो? तुम्ही नसता कापला? तुम्ही नसता कापला. तुमचं सोडा.

पण आता मेळावा आला. मी नको म्हणत होते, घरात चाललंय ते घरात चालू दे. ह्यांनीच हट्ट धरला, "जाणार. तिथंच पडली होती पानं, तिथंच उगवायचं." आणि माझा जीव टांगणीला. कारण घरात पान फिरवून द्यायला मी आहे, तिथं कोण आहे? कुणी अनोळखी माणूस वर आला, त्यानं पान जसंच्या तसं परत दिलं, की संपलं. बोटं कडांवरून वर जाणार आणि रिकामीच जाणार. आणि तुमच्या हातात माईक असणार. मी ह्यांना सुचवून बघितलं, पान भाऊजींना काढू द्या, ते आपले आहेत — म्हटलं मी तसं, जिभेला जड गेलं तरी म्हटलं — तर हे म्हणतात कसे, "कुणीही काढू दे. शेवटच्या रांगेतल्याला बोलाव. मला काय फरक पडतो?" काय फरक पडतो! मी रात्रभर डोळे मिटले नाहीत. आणि त्यात ह्या आठवड्यात दोनदा पान आलंच नाही वर. मी नेहमीसारखं फिरवून दिलं होतं, शपथेवर सांगते, आणि नाही आलं. बोटं वरपर्यंत गेली आणि काही नाही. मी पटकन ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. हे मात्र शांत. किंचित हसले आणि म्हणाले, "असू दे, परत काढ." परत काढलं तर आलं. ते का नाही आलं, ते मला अजून उमगलेलं नाही. पानं फुगली असतील, माझं कापणं कमी पडलं असेल.

म्हणून म्हणते, तुम्हीच पान काढा. मला तुमच्यापुढं हात पसरायला आवडत नाहीये, दिसतंच असेल तुम्हाला. ज्यानं हसवलं त्याच्याकडंच जायची वेळ आली माझ्यावर. पण सभागृहात दुसरा कोण आहे ज्याला हे सांगता येईल? ह्यांच्यासाठी नाही, तुम्ही ह्या टेबलावर बसलात त्यासाठी करा. एक पान फिरवायचं. मनगट एवढंसं वळवायचं. त्याच्यावर ह्या घरातलं सगळं बोलणं अवलंबून आहे हो.

काय?

काय म्हणालात? परत म्हणा. मागून? मागून म्हणजे? कळलं नाही मला. कॅट धरणाऱ्याला काय दिसेल — म्हणजे काय, जे मला दिसतं तेच दिसणार, पान वर येतं ते... थांबा. थांबा हं. आणते. खणातच आहे. हा घ्या — नाही, तुम्ही नको, मीच धरते. डाव्या हातात, असा उभा. तुम्ही त्या खुर्चीतच बसा, माझ्या जागेवर. काढा एक. कुठलंही. मला दाखवू नका. आता फिरवून द्या. हं. मधे घातलं. आता ही बोटं कडांवरून...

अगं बाई.

हे — हे तर मधूनच येतंय. माझ्या बाजूनं बघितलं तर गठ्ठ्याच्या ऐन मधून वर येतंय, सगळ्या पाठींच्या मधून, उघड उघड. मागचं पान आपलं जागच्या जागी. पान गुपचूप मागं आणणं ह्या हाताला जमणार नाही, ते मधेच राहणार, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि ह्यांच्या रीतीत तर सगळ्यात मागचं पान वर जायला हवं ना? त्यांच्या डोळ्यासमोरचं, त्यांच्या नाकासमोरचं. बोटाला स्पर्श नसेल हो, पण डोळे? डोळ्यांना काय झालंय? सुईत दोरा हे ओवून देतात मला.

मी कधी ह्या बाजूला बसलेच नाही भाऊजी. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. समोर बसायचे. समोरून पानांची तोंडं दिसतात, कुठून आलं ते दिसत नाही, वर आलं एवढंच दिसतं. मागं कोण बसतं? मागं बसायचं नसतं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मला, जादूगाराच्या मागं बसायचं नसतं. मी नाही बसले. कापलं, बदललं, फिरवून दिलं, सगळा विचार केला, आणि सगळा समोरच्या खुर्चीत बसून केला.

म्हणजे पहिल्याच दिवशी. पहिल्याच पानाला. ती इस्पिकची चौकी मधून वर आली आणि ह्यांनी बघितली. म्हणून बोलले नाहीत. म्हणून माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले. मी म्हणतेय मनापासून "अरेच्चा", आणि हे ऐकतायत. आणि मग उठले... साखर घालायला उठले. हात येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी ऐकलंच होतं. पान उगवल्याशिवाय मी साखर घेणार नाही हे माहीत होतं. म्हणजे मी मरेपर्यंत कडू प्यायले असते. म्हणून "फिटला तुझा नेम." हात आल्याचं सोंग, दाढी, चिडवणं, केसांना लाव म्हणणं — नाही, ते सोंग नसेल. ते नसेल ना? नका सांगू. तुम्हाला काय माहीत.

आणि ते दोनदा आलं नाही ते — आता कळलं. हसू नका. मी पान बघत असताना ह्यांनी हातातला कॅटच फिरवला असणार. सराव. पान काढणाऱ्यानं सरळ दिलं तरी चालावं म्हणून जादूगारानं स्वतः कॅट फिरवायचा, नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते. ह्यांनी कॅट फिरवला आणि मी पान फिरवलं. दोघांनी फिरवलं की सगळं सरळच झालं की हो. मग काय उगवणार त्यातून, कपाळ?

"मला काय फरक पडतो." खरंच काय फरक पडतो! खेळण्याला आयुष्यभर हात लावला नाही त्या माणसानं, आणि आता तो घेऊन तुमच्या सगळ्यांपुढं उभा राहणार आहे — सोपा आणि लांबून दिसणारा. तुमच्या डब्यापेक्षा काही वेगळं नाही. माझ्याचसाठी उभा राहणार, दुसरं काय? मला पुढच्या रांगेत बसून "अरेच्चा" म्हणता यावं म्हणून.

काठीचा आवाज. ऐकलात? खालच्या मजल्यावर आहेत. सरका, सरका, तो कॅट द्या इकडं, खणात घालते. निमुळती टोकं सगळी एका बाजूला करून ठेवायला हवीत, हे बघतात. हं. आणि डबा घ्या तुमचा. नाही, विसरू नका, तो इथं राहता कामा नये. मघाशी म्हटलं ते सोडा आता — पान तुम्ही काढायची गरज नाही. कुणीही काढू दे. फिरवायचंबिरवायचं काही नाही तुम्ही, उलट तुम्ही चुकून फिरवाल आणि त्यांचं बिघडवाल. फक्त कार्यक्रमात नाव घाला आणि माईक बंद ठेवा. ह्यातलं काही कुठं बोललात तर... नाही बोलणार तुम्ही. बोलायचं असतं तर मघाशी मागून कसं दिसेल हे मला विचारलंच नसतं. तेवढं केलंत ते खूप झालं.

चहा राहिला तसाच? राहू दे. निघा तुम्ही. जिन्यात भेटतील, हाताकडं बघू नका, आणि "बरं वाटतंय ना" असं विचारू नका, त्यांना आवडत नाही. दार नुसतं लोटून जा, लेकीच्या हातात सामान असेल.

हो, हो, आले! कुणी नाही, तुमचे सेक्रेटरी आले होते, निघालेत. हो, घातलंय नाव. काय? आधी दम तर घ्या जरा... बरं. काढते, काढते. हात पुसू द्या.

जा ना भाऊजी. समोरची खुर्ची माझी आहे.